नॅनोफायबर इलेक्ट्रोडचा संच: पाच महिने वापरल्यावर

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात विजेने पाणी फोडायच्या प्रयोगाचा हा संच आमच्या हायर सेकंडरीत आला, तेव्हा इथे गोव्यात, डिचोलीत, चार दिवस उन्हाचं तोंड दिसलं नव्हतं. कुरिअरवाल्याने खोका प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणला म्हणून वाचला. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, एकवीस वर्षं झाली. पाण्याचं विद्युत अपघटन, म्हणजे विजेने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करणं, दरवर्षी करून दाखवते. काचेचं भांडं, इलेक्ट्रोड म्हणजे पाण्यात वीज सोडणारी टोकं म्हणून पेन्सिलीतली दोन शिसं, नऊ व्होल्टची बॅटरी आणि उलट्या धरलेल्या दोन परीक्षानळ्या. एका नळीत हायड्रोजन, दुसरीत त्याच्या निम्मा ऑक्सिजन. मुलं वहीत लिहून घेतात आणि विषय संपतो. तो तिथे संपू नये असं मला फार वर्षं वाटत होतं, म्हणून ६,८५० रुपये मोजून हा संच मागवला. शाळेच्या निधीतून पाच हजार मिळाले, वरचे मी घातले.

खोक्यात काय आहे ते आधी सांगते. ॲक्रिलिकचा पारदर्शक सेल, मधोमध पातळ पडदा म्हणजे दोन्ही गॅस एकमेकांत मिसळत नाहीत, वर मिलिलिटरच्या खुणा असलेल्या दोन नळ्या, पोटॅशियम हायड्रॉक्साइडची पुडी, एक छोटा पॉवर सप्लाय आणि इलेक्ट्रोडच्या तीन जोड्या. पहिली जोडी स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांची. दुसरी निकेल फोमची, म्हणजे निकेलचा स्पंज म्हणा, भोकंच भोकं असलेला. तिसरी त्याच फोमची, पण वर नॅनोफायबरचा, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक तंतूंचा, थर चढवलेला: धनाग्रावर (जिथे ऑक्सिजन निघतो) निकेल आणि लोखंडाच्या ऑक्साइडचे तंतू, ऋणाग्रावर (जिथे हायड्रोजन निघतो) निकेल-मॉलिब्डेनमचे. सगळे इलेक्ट्रोड दोन बाय दोन सेंटिमीटर. किंमत दिली आहे ती या तिसऱ्या जोडीसाठी.

हे तंतू कसे काढतात ते मी स्वतः पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात आम्हाला एका प्रयोगशाळेत नेलं होतं. तिथे एक इंजेक्शनची सिरिंज आडवी बसवलेली, तिच्यात धातूचे क्षार आणि पॉलिमर विरघळवलेला चिकट द्राव. सुईला पंधरा हजार व्होल्ट जोडलेले. समोर वीतभर अंतरावर ॲल्युमिनियमची फॉइल. सुईच्या टोकाशी थेंब येतो, तो गोल राहत नाही, शंकूसारखा ताणला जातो, आणि त्या शंकूच्या टोकातून इतकी बारीक धार सुटते की नजरेला ती धार म्हणून दिसतच नाही. फॉइलवर मात्र हळूहळू पांढरं जाळं साठत जातं. आमच्या नव्याच्या पुनवेच्या जत्रेत म्हातारीचे केस काढणारा असतो ना, तसंच दिसतं. फरक एवढाच की तिथे चक्राच्या फिरण्याने साखरेचा तंतू सुटतो, इथे विजेची ओढ तंतू खेचून काढते. मग ते जाळं भट्टीत पाचशे-सहाशे अंशांवर भाजतात. पॉलिमर जळून जातो, धातूच्या ऑक्साइडचे तंतू मागे राहतात. जाडी साधारण तीनशे नॅनोमीटर. आपल्या डोक्याच्या एका केसाच्या रुंदीत असे दोनशेच्या वर तंतू शेजारी शेजारी मावतील. तिथल्या संशोधक मुलीने एक गोष्ट सांगितली होती ती अजून लक्षात आहे: जून-जुलैत खोलीतली हवा कोरडी करणारं यंत्र लावल्याशिवाय त्या सिरिंजला हातच लावत नाही, कारण आपल्या पावसाळी हवेत तंतू वाळायच्या आधीच एकमेकांना चिकटतात.

एवढा खटाटोप कशासाठी? पाणी फोडायची क्रिया इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावरच होते, आतला धातू नुसता भार. म्हणजे जितका पृष्ठभाग जास्त तितकं बरं. मग पूडच का नाही लावायची, असं कोणीही विचारेल. पूड चिकटवायला गोंद लागतो, तो गोंद पृष्ठभाग झाकतो, शिवाय कणाकणातून वीज अडखळत जाते. तंतू सलग असतो, वीज त्यातून सरळ वाहते, आणि तंतूंच्या मधल्या फटींतून बुडबुडे अडकून न राहता निघून जातात. हा शेवटचा मुद्दा डोळ्यांनी दिसतो. स्टीलच्या पट्टीवर बुडबुडे मोठे होतात, चिकटून बसतात, मग एकदम सुटतात. तिसऱ्या जोडीवर ते इतके बारीक आणि इतके भराभर सुटतात की द्राव दुधासारखा पांढुरका दिसतो. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी उठून पुढे आली आणि म्हणाली, “टीचर, ह्या कुशीन चड येतात!” (या बाजूला जास्त येतात.)

आता मुख्य गोष्ट. संचाच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर ठळक छापलं आहे की नॅनोफायबर इलेक्ट्रोड साध्या इलेक्ट्रोडच्या कितीतरी पट हायड्रोजन देतो. आम्ही बारावीच्या वर्गात तीन जोड्या दोन प्रॅक्टिकलमध्ये आळीपाळीने लावल्या. प्रत्येक वेळी ४० मिलिअँपिअरचा करंट, प्रत्येक वेळी ३५ मिनिटं. म्हणजे इलेक्ट्रोडच्या दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर. उत्प्रेरकांवर, म्हणजे क्रिया सोपी करणाऱ्या पदार्थांवर, काम करणारे लोक तुलना करायला हाच आकडा वापरतात. स्टीलने ११ मिलिलिटर हायड्रोजन दिला. साध्या फोमने ११. नॅनोफायबरनेही ११. ऑक्सिजन तिन्ही वेळा साडेपाचच्या जरा खाली.

वर्ग गप्प झाला. मग तीच मुलगी म्हणाली, “टीचर, मागीर हें इतलें म्हारग कित्याक घेतलें?” (मग हे इतकं महाग कशाला घेतलं?)

या एका प्रश्नासाठी ते ६,८५० रुपये वसूल झाले. एकवीस वर्षांत फॅरेडेचा नियम मी शेकडो वेळा फळ्यावर लिहिला, पण तो मुलांच्या अंगावर असा कधी आला नव्हता. जितके इलेक्ट्रॉन ढकलाल तितकाच गॅस येणार, इलेक्ट्रोड सोन्याचा असो की पत्र्याचा. उत्प्रेरक इलेक्ट्रॉन वाढवत नाही. तो करतो ते काम दुसऱ्या मीटरवर दिसतं, आणि तो मीटर आम्ही कोणीच पाहत नव्हतो. मी मुलांना व्होल्टचे आकडे फळ्यावर लिहायला लावले. स्टीलला लागले २.०६ व्होल्ट, साध्या फोमला १.९१, नॅनोफायबरला १.७१.

मी त्यांना चोर्ला घाटाचं उदाहरण दिलं. साखळीहून बेळगावला दोन बस निघाल्या, दोन्हींत पन्नास-पन्नास माणसं. वर दोन्ही बस पन्नासच माणसं पोचवणार. कुठली बस चांगली हे माणसं मोजून कळत नाही, डिझेल मोजून कळतं. पाण्याच्या बाबतीत तो घाट किती उंच आहे हे ठरलेलं आहे: पंचवीस अंशांना कमीत कमी १.२३ व्होल्ट. आजूबाजूची उष्णता उसनी न घेता सगळं काम विजेनेच करायचं तर १.४८. त्याच्या वर जे लागतं ते वाया जातं. त्यातला मोठा वाटा ऑक्सिजनच्या बाजूचा, कारण तिथे ऑक्सिजनचा एक रेणू जुळवायला चार इलेक्ट्रॉन एकामागून एक काढावे लागतात आणि मधली प्रत्येक पायरी अडते. ती अडचण कमी करायला इरिडियम आणि रुथेनियमचे ऑक्साइड उत्तम, हायड्रोजनच्या बाजूला प्लॅटिनम उत्तम, आणि हे सगळे धातू दुर्मिळ व महाग. निकेल, लोखंड, मॉलिब्डेनमच्या तंतूंवर जगभर माणसं खपताहेत ती याचसाठी.

मग पॉवर सप्लायचं बटण उलटं केलं. हा सप्लाय करंट बांधून ठेवतो किंवा व्होल्टेज बांधून ठेवतो, जे हवं ते निवडता येतं. या किमतीच्या संचात अशी सोय मी दुसरीकडे पाहिली नाही आणि त्यासाठी कंपनीचं मनापासून कौतुक करते. व्होल्टेज १.८ वर बांधलं. स्टीलमधून जेमतेम ६ मिलिअँपिअर गेले, साध्या फोममधून १८, नॅनोफायबरमधून ६२. आता गॅसही त्याच प्रमाणात जास्त. म्हणजे पुस्तिकेतलं पहिलं पान खोटं नाही, अर्धवट आहे. कुठल्या अटीवर “कितीतरी पट”, ते लिहिलेलंच नाही. शाळेसाठी विकायच्या वस्तूवर ते लिहायला हवं. घरी बसून एकट्याने प्रयोग करणाऱ्या मुलाला करंट बांधलेला असताना तिन्हीकडे ११ मिलिलिटर मिळाले, तर त्याला वाटेल आपलंच काहीतरी चुकलं.

दुसरा घोळ कार्यक्षमतेचा. पुस्तिका म्हणते ९८ टक्के. पुढे बारीक अक्षरात गणित दिलं आहे ते पाहिलं तर कळतं की करंटवरून जेवढा गॅस यायला हवा आणि जेवढा नळीत आला, त्यांचं ते प्रमाण आहे. ते ९८ असू शकतं, आमचंही जवळपास तेवढंच आलं. पण स्टीलचंही तेवढंच आलं! विजेतल्या ऊर्जेपैकी किती हायड्रोजनमध्ये उतरली हा प्रश्न वेगळा. १.४८ ला १.७१ ने भागा, साडेशहाऐंशी टक्के येतात. स्टीलला बहात्तर. हे आकडे मुळीच वाईट नाहीत, मग ९८ चा शिक्का कशाला?

मुलांना मी यावर गृहपाठ दिला होता. एक किलो हायड्रोजनला प्रत्येक व्होल्टमागे साधारण २६.६ युनिट वीज लागते. तर नॅनोफायबरला साडेपंचेचाळीस युनिट, स्टीलला जवळजवळ पंचावन्न. किलोमागे नऊ युनिटांहून जास्त फरक. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं, त्यात २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजनचं लक्ष्य ठेवलं. किलोमागे एकच युनिट वाचलं तरी वर्षाला ५०० कोटी युनिट होतात. हा आकडा एका मुलाने तीनदा करून पाहिला, आपण शून्यं चुकलो असं समजून. चुकला नव्हता. अर्थात कारखान्यातले इलेक्ट्रोलायझर, म्हणजे पाणी फोडायची यंत्रं, सत्तर-ऐंशी अंशांवर, तीस टक्क्यांपर्यंतच्या तीव्र अल्कलीत (पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारख्या द्रावात) आणि आमच्याहून वीस-चाळीस पट करंटवर चालतात. तिथे तंतू महिनोन्‌महिने टिकणं ही खरी परीक्षा असते, आणि या संचावरून त्याबद्दल काही म्हणता येणार नाही. हेही मुलांना सांगितलं.

एक गोष्ट पुस्तिकेत नाही, ती आम्हाला आपोआप सापडली. साध्या निकेल फोमचं व्होल्टेज पहिल्या दिवशी १.९१ होतं. तोच द्राव, तोच फोम रोज तास-दीड तास चालवत गेलो, तर आठवडाभरात ते १.८५ वर आलं. इलेक्ट्रोड जुना होऊन सुधारला? प्रयोगशाळेतले काका म्हणाले, मीटर बिघडला असेल, दुसरा आणला. त्यावरही तेच. याचं कारण रसायनशास्त्रात माहीत असलेलं आहे. बाजारात मिळणाऱ्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये लोखंडाचा किंचित अंश असतोच. तो निकेलच्या पृष्ठभागावरच्या थरात शिरून बसतो, आणि लोखंड मिसळलेलं निकेल ऑक्सिजन काढायला शुद्ध निकेलपेक्षा कितीतरी सरस ठरतं. डेनिस कॉरिगन यांनी १९८७ साली हे दाखवून दिलं. तिसऱ्या जोडीच्या धनाग्रावर मुद्दाम निकेल-लोखंडाचे तंतू का घेतले, त्याचंही उत्तर यातच आहे.

हे शिकवताना माझा आवाज थोडा भरून आला, ते इथे लिहायला हरकत नाही. माझे वडील मांडवीतल्या बार्जवर होते. आमच्या तालुक्याचं लोखंड ते मुरगाव बंदराला नेत. त्या लाल मातीने आमची घरं चालवली आणि आमच्या विहिरी, शेतं लालही केली. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा गल्लीतल्या किती घरांपुढे ट्रक नुसते उभे राहिले. वर्गात निम्मी मुलं त्या घरांतली आहेत. त्यांना लोखंड म्हणजे टनावर जाणारी वस्तू एवढंच ठाऊक होतं. दाण्याच्या हजाराव्या भागाएवढं लोखंड निकेलवर बसून पाण्यातून ऑक्सिजन सोडवतं, हे त्यांनी मीटरवर पाहिलं.

आता तक्रारी, आणि त्या किरकोळ नाहीत.

डोळ्यांवर लावायचे चष्मे आणि हातमोजे संचात नाहीत. पुडीतून लिटरमागे ५६ ग्रॅमचा द्राव करायला सांगितलं आहे. हा द्राव डोळ्यात उडाला तर दृष्टीला धोका आहे. बोटाला लागला तर आधी काही जाणवत नाही, साबणासारखं बुळबुळीत लागतं, कारण तो आपल्या कातडीचाच साबण करत असतो. लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. सेलचं रबरी पॅकिंग दुसऱ्याच आठवड्यात एका कोपऱ्यातून पाझरायला लागलं. काकांनी म्हापशाच्या बाजारातून जाड रबराचा तुकडा आणून कापून बसवला तेव्हा थांबलं. चष्म्यांशिवाय हा संच मुलांच्या हातात देऊ नका. आमच्याकडे होते म्हणून निभावलं.

पुडी साध्या प्लास्टिकची, उघडली की परत बंद होत नाही. गोव्याच्या पावसात पोटॅशियम हायड्रॉक्साइड उघडं ठेवणं म्हणजे मीठ ओट्यावर उघडं ठेवण्याच्या दसपट. दुपारी काढलेले पांढरे दाणे संध्याकाळपर्यंत ओले चिकट झाले. उरलेलं मी घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत भरलं. काचेच्या बुचाची बाटली वापरू नका, बूच कायमचं बसतं.

सगळ्यात मोठी तक्रार तारांची. दोन्ही तारा काळ्या. धन कुठली, ऋण कुठली याची खूण नाही. स्टीलला फरक पडत नाही, म्हणून सुरुवातीला कोणाच्या लक्षात आलं नाही. सप्टेंबरात एका गटाने तिसरी जोडी उलटी जोडली. पंधरा मिनिटांत सेलच्या तळाशी काळी पूड दिसली. मॉलिब्डेनम धनाग्रावर टिकत नाही, अल्कलीत विरघळून जातो, त्यामुळे तो थरच उखडला. पुन्हा सरळ जोडलं तेव्हा १.७१ च्या जागी १.८३. मुलं रडवेली झाली. मी त्यांना काही बोलले नाही, खूण नव्हती ती त्यांची चूक नव्हती. कंपनीला फोन केला तर समोरून उत्तर, “मॅडम, उलटं जोडलं तर आमची जबाबदारी नाही.” मी म्हटलं, “अहो, दोन्ही तारा काळ्या आहेत, सरळ कुठलं ते आम्ही ओळखायचं कसं?” दोन फोटो पाठवले, तीन आठवडे वाट पाहिली. शेवटी ऋणाग्र बदलून आला, कुरिअरचे १४० रुपये आमच्याकडून घेऊन. नव्या ऋणाग्रावर व्होल्टेज १.७२ आलं, म्हणजे माल एकसारखा निघतो. ही बाजूही सांगायला हवी.

पुस्तिका फक्त इंग्रजीत आहे, आणि पाण्याचं विद्युत अपघटन प्रथम फॅरेडेने केलं असं तिच्यात छापलं आहे. ते १८०० साली लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी केलं, व्होल्टाच्या नव्या बॅटरीची बातमी हाती आल्या आल्या. फॅरेडेचे नियम तीसेक वर्षांनंतरचे. मी चार पानांची मराठी टिपणं करून घेतली आहेत, मुलं तीच वापरतात.

चतुर्थीच्या सुट्टीत तिन्ही जोड्या माझ्याकडून सेलमध्येच राहून गेल्या होत्या. परत आलो तेव्हा नळ्यांच्या तोंडाशी पांढरी खरपुडी. द्राव हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कार्बोनेट होतो, तेच हे. डिस्टिल्ड पाण्याने धुतलं, द्राव नवा केला, नॅनोफायबरची जोडी १.७६ वर सुरू झाली आणि दोन दिवसांत १.७२ वर आली. थर कुठे सुटला नाही. हे मला अपेक्षेपेक्षा खूप चांगलं वाटलं. नळाचं किंवा विहिरीचं पाणी मात्र कधीही घालू नका. त्यातला कॅल्शियम ऋणाग्रावर पांढरा थर धरतो आणि तंतूंच्या फटी बुजवतो.

घ्यावा का? बारावीला शिकवणाऱ्याने, ज्याच्याकडे मल्टिमीटर आहे आणि वर्गासोबत दोन तास बसायची तयारी आहे, त्याने जरूर घ्यावा. प्रदर्शनात टेबलावर मांडून हायड्रोजन पेटवून फट्‌ आवाज काढून दाखवायचा असेल तर पैसे घालवू नका, पेन्सिलीची शिसं तेवढाच आवाज काढतात. सातवी-आठवीच्या मुलांना घरी खेळायला म्हणून तर अजिबात नको. पाचपैकी साडेतीन तारे देते. चष्मे, लाल तार आणि बंद होणारी बरणी दिली असती तर साडेचार दिले असते.

नाताळच्या सुट्टीआधी मी नॅनोफायबर इलेक्ट्रोडची आणखी एक जोडी मागवली. ऑर्डरच्या रकान्यात लिहिलं, एक तार लाल पाठवा. परवा पाकीट आलं, एक तार लाल आहे.